शनिवारी चालेन

माझ्या सासूबाईंचं नाव माझ्या नवऱ्याने सेवेच्या यादीत घातलंय, हे मला यादी लागल्यावर चौथ्या दिवशी कळलं. तेही दार उघडल्यावर.

दारात एक मुलगी उभी होती. अंगात कॉलेजच्या संघाचं निळं जाकीट, आणि हातपाय इतके लांब की जाकीट धाकट्या बहिणीचं घालून आल्यासारखी दिसत होती. "काकू, मला सरांनी पाठवलंय," ती म्हणाली. "आजींच्या सेवेसाठी. मंगळवारी आणि शनिवारी, चार ते सहा."

माझ्या गळ्यात मापाची टेप होती आणि ओठांत दोन टाचण्या. टाचण्या काढून मी विचारलं, "कुणाच्या सेवेसाठी?"

आमचे हे कॉलेजात धावण्याचे कोच. त्यांचा एक नियम आहे. संघातल्या प्रत्येकाने आठवड्यातले चार तास अशा माणसाला द्यायचे, ज्याला स्वतःला धावता येत नाही. कुणी वृद्धाश्रमात जाऊन म्हाताऱ्यांची नखं कापतं, कुणी दवाखान्यात व्हीलचेअर ढकलतं, कुणी अंधशाळेतल्या पोरांना हात धरून मैदानावर पळवतं. तीन खाडे झाले की स्पर्धेतून नाव कमी. मग तो वाऱ्यासारखा धावत असो नाहीतर सरांचा लाडका असो. "स्वतःपुरता धावणारा लवकर दमतो," हे त्यांचं आवडतं वाक्य. पूर्वी मीसुद्धा ते चार लोकांत अभिमानाने सांगायचे.

पण चार वर्षांपूर्वी सासूबाईंची उजवी बाजू गेली, आणि तेव्हापासून आमच्या घरातली सेवा एकट्या माझ्या वाट्याला आली. सकाळी अंग पुसायचं, गाऊन बदलायचा, केस विंचरायचे, भांडं द्यायचं, भांडं काढायचं, सात गोळ्या तीन वेळांना वाटून द्यायच्या. वरच्या ओळीतला त्यांचा पुढचा एक दात खोटा आहे, तो काढून घासून पुन्हा बसवायचा. या सगळ्याच्या फटीत माझं शिवणयंत्र चालायचं. मी कपडे दुरुस्त करते. पँट आखूड करणं, चेन बदलणं, सुटलेली शिवण घालणं. यंत्र खिडकीशी आहे, तिथून सासूबाईंचा पलंग सरळ दिसतो. हे पहाटे पाचला मैदानावर जायचे, संध्याकाळी सातला यायचे, आल्यावर खोलीत डोकावून "कशी आहेस, आई?" विचारायचे. त्या "बरी आहे रे" म्हणायच्या. झाली ह्यांची सेवा.

त्या संध्याकाळी मी म्हटलं, "अहो, निदान मला विचारायचं तरी."

"अगं, तुला मदत व्हावी म्हणून केलं."

"मी मागितली होती मदत?"

"नव्हती मागितलीस. म्हणून तर."

असं उत्तर आलं की भांडणही करता येत नाही. मी भांडी घासायला घेतली आणि जरा जास्तच आवाज केला.

मुलीचं नाव संघातल्या पोरींनी टोळ ठेवलं होतं. पाच हजार मीटर धावायची. वसतिगृहात राहायची. मला वाटलं होतं, दोन-तीन आठवडे येईल, पेपर वाचून दाखवील, फोनमध्ये डोकं घालून बसेल, आणि नव्याचे नऊ दिवस संपले की कंटाळेल. पहिल्या दिवशी तिने सासूबाईंच्या उजव्या हातात रबरी चेंडू दिला आणि म्हणाली, "आजी, हा दाबा. जितक्यांदा दाबाल तितके उद्या मी मैदानाला फेरे मारीन."

हाच चेंडू फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला दिला होता. चार वर्षं मी तो त्यांच्या हातात ठेवत होते आणि त्या तो पलंगाखाली टाकत होत्या. त्या दिवशी त्यांनी तो अकरा वेळा दाबला. अकराव्या वेळी त्यांचा ओठ कापत होता, पण दाबला. टोळ म्हणाली, "मेले मी! अकरा फेरे!" आणि सासूबाई हसल्या. मी यंत्रावर बसून ऐकत होते. शिवण वाकडी गेली, ती उसवावी लागली.

सासूबाई पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. त्यांच्या गोष्टी मला तोंडपाठ. कुणाचा फोन कुणाला चुकून जोडला गेला आणि त्यातून कसं लग्न जमलं, साहेब खोकला की सगळ्या मुली कशा गप्प व्हायच्या. मी त्या इतक्या वेळा ऐकल्यात की पुढचं वाक्य मीच म्हणू शकेन. टोळ मात्र तोंड उघडं टाकून ऐकायची. तेही मी सहन केलं. पण तिसऱ्या आठवड्यात मी चहा घेऊन गेले तेव्हा सासूबाई सांगत होत्या, "...आणि ब्रेक कुठे असतो हेच मला माहीत नव्हतं. भावाची सायकल, चोरून नेलेली. उतारावरून सुटले ती थेट भिंतीत. हा दात तिथे गेला. घरी सांगितलं, जिन्यावरून पडले."

मी चहा ठेवला. तो दात मी चार वर्षं घासत होते. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. तो कसा गेला, हे मला आज, एका वसतिगृहातल्या मुलीच्या पाठीमागे उभं राहून कळत होतं.

"आई, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत," मी म्हटलं.

"तू कधी विचारलंस?" त्या म्हणाल्या. टोचून नव्हे, सहज म्हणाल्या. सहज बोललेलंच जास्त लागतं.

महिन्याभरात टोळने त्यांना वॉकर धरून उभं केलं. दीड महिन्यात आमच्या दारापासून गॅलरीच्या टोकापर्यंत नेलं आणि परत आणलं. शेजारच्या काकू दार उघडून बघायच्या आणि मला सांगायच्या, "किती गुणी मुलगी हो! पोटची असती तरी इतकं केलं नसतं." मी हसून मान हलवायचे. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते काय असतं, ते मला गॅलरीत उभ्या उभ्या समजत होतं.

बुधवारी मी म्हणायचे, "चला आई, आपण दोघी चालू." त्या म्हणायच्या, "आज नको गं. पाय दुखतोय. शनिवारी चालेन."

शनिवारी चालेन. शनिवारी तीन वाजल्यापासून त्या मला केस विंचरायला लावायच्या, नवा गाऊन काढायला सांगायच्या. मी त्यांना तयार करायचे, आणि कौतुक घ्यायला ती यायची.

जेवताना ह्यांच्या तोंडी एकच विषय. "आईला उभं केलं पोरीने! मी म्हणतो ना, खरा खेळाडू असा असतो." मग तिच्या धावण्याचं सुरू. तिचा डावा घोटा पाऊल टेकताना किंचित आत वळतो, ते ह्यांनी दोन महिने लक्ष ठेवून हेरलं होतं. सासूबाईंना उचलून उचलून माझा उजवा खांदा धरला होता, वर्ष झालं मी पाण्याचं तांब्याभांडं डाव्या हाताने पुढे करत होते. तो ह्यांना दिसला नव्हता. मीही सांगितलं नाही. मला वाटायचं, एकदा तरी न सांगता दिसावं.

आता केलं ते सांगते. सांगायला चांगलं नाही.

एका शनिवारी सासूबाईंना दुपारची जरा जास्तच झोप लागली. चारला बेल वाजली. मी बाहेर येऊन दार मागे ओढून घेतलं. म्हटलं, "अगं, तुला कसं सांगू कळत नाही. आजींना आता नको वाटतंय. त्यांना दगदग होते. तुझ्या तोंडावर बोलायला त्यांना जड जातं."

तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. "माझं काही चुकलं का, काकू?"

"तसं नाही गं. म्हातारं माणूस. तू वाईट वाटून घेऊ नकोस. सरांना मी सांगते."

"आजींना सांगा, मी..." ती थांबली, मान हलवली आणि जिना उतरून गेली. एरवी दोन-दोन पायऱ्या एकदम उतरायची. त्या दिवशी एकेक उतरली.

सासूबाई उठल्यावर मी सांगितलं, तिची परीक्षा आहे, काही दिवस येणार नाही. आणि सरांना मी काहीच सांगितलं नाही.

पुढचा मंगळवार गेला, शनिवार गेला. सासूबाई केस विंचरून दाराकडे तोंड करून बसायच्या. सहा वाजले की म्हणायच्या, "परीक्षा लांबली वाटतं." चेंडू पुन्हा पलंगाखाली गेला. मी चालायला म्हटलं तर, "बघू."

त्यानंतरच्या मंगळवारी हे घरी आले, हातपाय धुऊन जेवायला बसले. मग म्हणाले, "टोळचं नाव कमी केलं. रविवारच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून."

"का?" मी विचारलं.

"तीन खाडे. सेवेच्या वहीत तिने स्वतःच गैरहजर लिहिलंय. विचारलं तर म्हणे, जमलं नाही, सर. बस, एवढंच. एक कारण द्यायला तयार नाही. आता नियम म्हणजे नियम. तिच्यासाठी मोडला तर उद्या कुठल्या तोंडाने इतरांना सांगू?" त्यांनी ताट पुढे सरकवलं. "वर्षभर घाम गाळला त्या पोरीने. मलाच जेवण जात नाहीये."

खोटं कशाला बोलू? माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की बरं झालं. क्षणभरच. पण आला. दुसरा विचार आला, की तिने माझं नाव का घेतलं नाही? तेव्हाच बोलायला हवं होतं. ह्यांच्या डोळ्यांत तिच्यासाठी पाणी होतं, ते पाहिलं आणि तोंड मिटलं ते मिटलंच. बुधवार गेला. गुरुवार गेला. मी मनाला समजावत होते, की तरुण आहे, पुढच्या वर्षी धावेल.

शुक्रवारी सकाळी मी सासूबाईंचं अंग पुसत होते. त्या हळूच म्हणाल्या, "एक विचारू? खरं सांगशील?"

"विचारा ना."

"माझ्या अंगाला वास येतो का गं?"

माझा हात थांबला.

"त्या मुलीला आला असेल," त्या म्हणाल्या. "तरुण पोरं बोलत नाहीत, येणंच बंद करतात. तू रोजची, तुला सवय झाली असेल. म्हणून विचारते. मला साबण जास्त लावत जा."

चार वर्षं मी त्यांना एक दिवस पारोसं ठेवलं नव्हतं. चादरीला सुरकुती पडू दिली नव्हती. आणि त्या बाईला माझ्या एका खोट्यापायी स्वतःच्या अंगाची किळस वाटत होती. मी टॉवेल टाकला. "आई, वास नाही येत तुम्हाला," मी म्हटलं. "ती आली होती. मीच तिला परत पाठवलं. तुम्हाला नको आहे, असं सांगून."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी त्यांना गाऊन घातला, शेजारच्या काकूंना बसवलं आणि तशीच निघाले.

मैदानावर मी सहा-सात वर्षांत गेले नव्हते. पायात घरातल्या सपाता, गळ्यात टेप. दहा-बारा मुली गोल करून स्नायू ताणत होत्या, हे मधे उभे राहून घड्याळ बघत होते. टोळ सगळ्यांपासून लांब, कडेने एकटीच धावत होती. ह्यांनी मला पाहिलं आणि घाबरले. "आईला काही...?"

"आई बऱ्या आहेत. मला बोलायचंय. हिच्याबद्दल."

"घरी बोलू ना."

"घरी नाही. नाव तुम्ही सगळ्यांसमोर कमी केलंत ना? मग सगळ्यांसमोरच सांगते. तिने खाडे केले नाहीत. ती आली होती, मी दारातून परत पाठवली. आईंना तू नकोस म्हणून सांगितलं. खोटं सांगितलं. आणि सरांना कळवते म्हणाले, तेही केलं नाही."

मुली ताणलेले पाय तसेच ठेवून बघत होत्या. टोळ धावता धावता थांबली होती.

"तू?" हे म्हणाले. "पण का?"

मी रस्ताभर उत्तर जुळवत आले होते, ते सगळं विसरले. "तुमची ती यादी," मी म्हटलं. "सेवा करणाऱ्यांची आणि जिची करायची तिची. चार वर्षं झाली, त्या यादीत मी कुठेच नाही. ना या बाजूला, ना त्या बाजूला. ही दोन दिवस येते तर ती गुणी. मग मी रोजची कोण? मला तिचा हेवा वाटला. आईंचाही वाटला, तुमचाही. झालं. यात अजून काही नाही."

ह्यांचं घड्याळ हातात टिकटिक करत चालूच होतं, बंद करायचं त्यांना सुचलं नाही.

टोळ जवळ आली. मला वाटलं, आता ही म्हणेल, जाऊ द्या हो काकू. ती म्हणाली, "म्हणजे आजींनी मला नको म्हटलंच नव्हतं?"

"नाही."

"मी रोज आठवत होते, मी काय बोलले असेन. एकेक वाक्य आठवत होते, काकू." तिचा आवाज चिरकला. "सरांना सांगितलं असतं तर सर आजींवर रागावले असते, म्हणून गप्प बसले. आणि तुम्ही—" ती वळली आणि धावत सुटली. भरधाव, मोठी मोठी पावलं टाकत. ह्यांनी तिला हाक मारली नाही.

दुपारी हे स्पर्धेच्या कार्यालयात गेले. नावं बदलायची मुदत गुरुवारी संपली होती. तिच्या जागी दिलेली मुलगीही तयारीत होती, तिला काढणं हा दुसरा अन्याय झाला असता. तेव्हा टोळ त्या वर्षी धावली नाही. मी दोन दिवस आधी तोंड उघडलं असतं तर धावली असती. याला काही इलाज नाही, माफीही नाही. हे मला बोलले नाहीत, ओरडलेही नाहीत. संध्याकाळी घरी येऊन आईच्या खोलीत खुर्ची घेऊन बसले, नुसतेच.

सासूबाईंनी मात्र शनिवारी दुपारी तोंड उघडलं. मी दात बसवत होते. म्हणाल्या, "त्या मुलीसमोर मी चालते ते कशाने, सांगू? परक्या माणसासमोर रडायची लाज वाटते गं. ती आली की मला चांगलं वागावं लागतं. तुझ्यासमोर नाही वागावं लागत."

हे ऐकून मी सुखावावं की रडावं, मला कळेना. म्हणजे त्यांचं सगळं वाईट माझ्यासाठी राखून ठेवलेलं. मी म्हटलं, "आई, कधीतरी माझ्यासमोरही चांगलं वागत जा. मलाही बरं वाटेल."

"बघते," त्या म्हणाल्या. आणि डाव्या हाताने माझ्या खांद्यावर थोपटलं. नेमक्या दुखऱ्या खांद्यावर. "हा धरलाय ना तुझा? कपबशी डाव्या हाताने देतेस हल्ली."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि तिथे पाच मिनिटं उभी राहिले.

रविवारी संघ स्पर्धेला गेला. चारच्या सुमाराला बेल वाजली. टोळ दारात. डोळे सुजलेले, पण उभी ताठ. "आजी जाग्या आहेत?" तिने विचारलं. मी बाजूला झाले. ती माझ्याकडे न बघता आत गेली. नंतरही कितीतरी आठवडे ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची. पाणी द्या, वॉकर कुठे आहे, येते. मी ते घेतलं. जेवढं पेरलं तेवढं उगवायचंच. पुढच्या हंगामात ती धावली, दुसरी आली. आणि त्याच्याही बऱ्याच नंतर एकदा मला म्हणाली, "तुमचा राग गेला नाहीये, काकू, पण कमी झालाय." मी म्हटलं, "माझंही तसंच आहे." तेव्हा ती हसली.

पण मला सांगायचाय तो एक मंगळवार. त्या रविवारनंतर ह्यांनी मंगळवार स्वतःकडे घेतला होता. "चार ते सहा तू या घरात दिसायचं नाहीस," म्हणाले. टोळला शनिवार ठेवला. पहिल्या मंगळवारी मला कुठे जावं तेच कळेना. बटणांच्या दुकानात गेले, मग बागेतल्या बाकावर बसले, आजूबाजूच्या लोकांच्या पँटींच्या दुमडी बघत. पाचलाच परत फिरले. मनात आशा होती, की ह्यांची चांगली फजिती झालेली असणार.

जिना चढताना सासूबाईंचा आवाज आला. मोकळा, मोठा, एक्स्चेंजमध्ये असेल तसा. "अरे गाढवा, असा धरतात का वॉकर? घड्याळ ठेव बाजूला! मी काय तुझी शर्यतीतली पोरगी आहे?" आणि हे हसत होते. मग त्याही हसायला लागल्या. शेजारच्या काकूंचं दार उघडल्याचा आवाज आला. "अगंबाई, लेक किती करतो हो आईचं!" त्या म्हणाल्या.

एक तास. चार वर्षांतला एक तास, आणि लेक किती करतो. जुना हेवा पुन्हा वर आला, चांगला जोरात. वर जावं, दार उघडावं, काहीतरी बोलावं, असं वाटलं. सहाला अजून पन्नास मिनिटं होती. मी पायरीवर बसले, पाय लांब केले, आणि त्यांना हसू दिलं.